नग एक, स्त्री, रंग पांढरा

गुरुवारी सकाळी नोमान पावाचा तुकडा बाकल्याच्या उसळीत बुडवत होता, तेवढ्यात राजियाचा फोन आला. राजिया त्याची जुनी विद्यार्थिनी. एके काळी छिन्नी कुठल्या हातात धरायची हेही तिला धड कळत नव्हतं, आता कैरोत सांस्कृतिक खात्यात चांगल्या मोठ्या खुर्चीवर बसली होती.

"उस्ताद, बसलायत ना? कफ्र अल-तूतची नगर परिषद तुमच्या बाईला परत रंग लावतेय. रविवारी, सुट्टी संपून ऑफिसं उघडली की, कसलीशी तपासणी आहे म्हणे. मी एक फोन करू का? जागच्या जागी थांबतील."

"थांब," नोमान म्हणाला. "आधी मी जातो."

"तुम्ही? या वयात?"

"या वयात नाही तर कधी जाऊ? मेल्यावर?"

त्याची बाई म्हणजे कापूस वेचणारी. आस्वानच्या गुलाबी दगडातली, सात फूट उंच, कमरेत किंचित वाकलेली, ओच्यात कापूस भरलेला. तिशीतला नोमान तिच्यापायी वर्षभर धूळ खात होता, खरोखरची, नाकातोंडात जाणारी. बाकीचं काय उरलं म्हणाल तर नाव घेण्यासारखं काहीच नाही. प्लॅस्टरचे पुतळे स्टुडिओ सोडताना हमालांनी फोडले. कापडगिरणीच्या भिंतीवरचं मोठं शिल्प गिरणीबरोबरच जमीनदोस्त झालं. लाकडातली कामं ज्यांनी घेतली ते वारले आणि त्यांच्या पोरांनी त्यांचं काय केलं देव जाणे. दगडात राहिली ती ही एकटी, आणि तिच्यावर चाळीस वर्षं ऑइलपेंटचे थर चढत होते.

नोमान बरीच वर्षं परदेशात शिकवायला होता. परत आल्यावर एकदा बसच्या खिडकीतून त्यानं तिला पाहिलं. पांढरीफेक, चकचकीत, न्हाणीघराच्या फरशीसारखी. बस थांबवून उतरावं एवढंही सुचलं नाही त्याला. घरी येऊन त्यानं पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. अशी अकरा पत्रं झाली. एकाचंही उत्तर नाही. पुढे गुडघे गेले, बायको गेली, आणि पत्र लिहायची हौसही गेली.

"बाबा, उन्हातान्हाचं जाऊन तिथे काय दिवे लावणार आहात?" शाहंदानं विचारलं. त्याची मुलगी वरच्याच मजल्यावर राहायची आणि त्याच्या गोळ्यांवर पहारा ठेवायची.

"दिवे नाही लावायचे. रंग काढायचाय."

"राजियाताई करतायत ना फोन?"

"फोननं रंग लागायचा थांबेल. असलेला कोण काढणार?" नोमाननं काठी शोधली. ती त्याच्या हातातच होती. "मला ती एकदा दगडात बघायचीय, पोरी. आणि मी गेल्यावर तिनं दगडातच उभं राहावं. फार मागतोय का मी?"

शाहंदानं गोळ्यांची डबी त्याच्या खिशात कोंबली आणि मायक्रोबसच्या थांब्यापर्यंत त्याला सोडून आली.

दोन तासांच्या प्रवासात नोमान तीनदा पेंगला. जागा झाला तेव्हा कफ्र अल-तूत आलं होतं, आणि तपासणी आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. रस्त्याकडेचे दगड काळे-पांढरे रंगवलेले, झाडांचे बुंधे कमरेपर्यंत चुन्यानं फासलेले. एक कुत्रं ओल्या चुन्याला घासून गेलं होतं, तेही निम्मं पांढरं झालं होतं.

चौकात पुतळ्याला शिडी लावलेली. शिडीवर जाडजूड बांध्याचा, साठीचा एक रंगारी. शहरातले सगळे त्याला उस्ता बरकात म्हणत, म्हणजे आपल्या कामातला मिस्त्री. त्यानं अजून रंगाला हात घातला नव्हता. जुन्या रंगाची सोलपटं पत्र्यानं खरवडत होता.

"खाली उतर!" नोमान ओरडला.

"का, हाजीसाहेब? शिडी तुमची आहे का?"

"पुतळा माझा आहे. आणि मी हजला गेलेलो नाही."

"जाल, जाल, इन्शाल्ला," उस्ता समजुतीच्या सुरात म्हणाला. "पुतळा सरकारचा आहे, बाबा. सावलीत बसा जरा. ऊन लागलंय तुम्हाला."

"अरे, मी घडवलाय तो! नोमान अत्तार. जोत्यावर नाव कोरलंय बघ."

उस्ता बरकात वाकून जोत्याकडे बघत राहिला. "तिथे नाव होतं होय? मला वाटलं दगडाचा टवका उडालाय. मी तिथे लांबीची पुट्टी भरली, नव्वद सालात." मग तो सावकाश खाली उतरला, हात पँटला पुसले आणि पुढे केला. "तुम्ही जिवंत आहात? ऑफिसात तर म्हणतात तो माणूस केव्हाच अल्लाला प्यारा झाला."

"ऑफिसवाल्यांना घाई असते," नोमान म्हणाला.

उस्ता खूश झाला. चार वेळा त्यानं या बाईला रंग दिला होता, आणि तिच्याबद्दल बोलायला आजवर कुणी भेटलं नव्हतं. "एक विचारू, उस्ताद? राग नका मानू. चेहरा एवढा गुळगुळीत केलात, आणि ओच्यात नुसते टोचे मारून ठेवलेत. पैसे संपले होते का? मी सगळे खड्डे लांबीनं भरून काढले. आता बघा, एकसारखं झालंय."

नोमाननं कपाळाला हात लावला. ते टोचे म्हणजे कापूस होता. तीन महिने त्यानं एकेक टोचा असा मारला होता की सकाळचं ऊन पडलं की ओच्यातला दगड मऊ दिसावा. हे उस्ताला सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. "ऑफिस कुठे आहे?" एवढंच त्यानं विचारलं.

नगर परिषदेत इंजिनिअर हिलमी भेटले. पन्नाशीचे, टापटीप. नोमान बोलत असताना ते मान हलवत राहिले, आणि राजियाचं नाव निघालं तशी त्यांची मान हलायची थांबली. खात्यातून फोन येणार म्हटल्यावर त्यांनी लगेच पुदिन्याचा चहा मागवला.

"तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, उस्ताद. ग्रॅनाइटला कधी कोणी रंग लावतं का? आपण थांबवू. आत्ता थांबवू. फक्त अवातिफ मॅडमना कळवायला हवं, डेडस्टॉकची यादी त्यांच्याकडे आहे."

अवातिफबाई हाकेसरशी आल्या. साठीला टेकलेल्या, भुवया वर चढवूनच आलेल्या, बगलेत एक फुगलेली फाइल. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

"रंग थांबवायचा? बरं. मग इंजिनिअरसाहेब, तुम्ही लिहून द्या की रविवारी समितीनं विचारल्यावर जबाब तुम्ही देणार."

"मॅडम, हे स्वतः शिल्पकार आहेत..."

"अल्ला त्यांना आयुष्य देवो. माझी रविवारी रिटायरमेंट आहे." त्या नोमानकडे वळल्या. "चौतीस वर्षं इथल्या वस्तूंचा ताबा माझ्याकडे आहे, उस्ताद. खुर्च्या, पंखे, दोन पंप, एक अग्निशामक बंब, एक पुतळा. रविवारी समिती येईल, यादी हातात घेईल आणि एकेक वस्तू बघेल. यादीत लिहिलंय तेच समोर दिसायला हवं. शेजारच्या खोलीतले शुक्री एका छताच्या पंख्यापायी अफरातफरीच्या केसमध्ये अडकले. पंखा होता, पण यादीत तीन पात्यांचा आणि छताला चार पात्यांचा. सात वर्षं हेलपाटे घातले बिचाऱ्यांनी. नो ड्यूज मिळालं तेव्हा ते सही करायलाही उरले नव्हते."

"पण दगड म्हणजे दगड असतो, बाई! यादीत काय लिहिलंय असं?"

"पांढरा लिहिलंय."

"कुठल्या गाढवानं लिहिलं?"

अवातिफबाईंनी फाइल टेबलावर आपटली, थुंकी लावून पानं उलटली आणि तळाचा एक पिवळा कागद त्याच्यासमोर सरकवला. पुतळा ताब्यात दिल्याची पावती. नग एक, स्त्री, रंग पांढरा, सुस्थितीत. खाली तारीख, एकोणीसशे शहात्तर. त्याखाली लांब शेपटीची, मोठ्या ऐटीची सही.

नोमाननं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. सही त्याची होती.

मग हळूहळू सगळं आठवलं. सूतगिरणीच्या उद्घाटनाला मंत्री यायचा होता. आस्वानहून दगड आला नव्हता, आणि मंत्री काही दगडासाठी थांबणार नव्हता. म्हणून नोमाननं प्लॅस्टरची बाई ओतली, वरून पांढरा रंग मारला आणि चौकात उभी केली. मंत्र्यानं फीत कापली, ठेकेदारानं पावती पुढे केली, त्यानं सही ठोकली. दगडातली बाई दीड वर्षानं आली. तोवर हिवाळ्याच्या पावसानं प्लॅस्टर भुसभुशीत झालं होतं, ते गाढवाच्या गाडीत भरून एका खड्ड्यात टाकलं. तेव्हाचा इंजिनिअर म्हणाला होता, नवा कागद करायचा तर सहा सह्या लागतील, जुना आहे की, कशाला उकरायचं? आणि नोमान म्हणाला होता, मरू दे तो कागद. त्याला घाई होती. दुसऱ्या दिवशी त्याला परदेशी जायचं होतं.

म्हणजे पुढच्या कारकुनानं यादी वाचली, चौकात गुलाबी बाई पाहिली, त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यानं डबाभर पांढरा रंग आणला. त्याच्या पुढच्यानं तेच केलं. अकरा पत्रांत नोमाननं ज्यांना अडाणी, रानटी, कलेचे वैरी म्हटलं होतं, ते सगळे बिचारे त्याच्याच सहीला जपत होते.

"तुमचीच ना?" अवातिफबाईंनी विचारलं. आवाजात आता धार नव्हती.

"माझीच," नोमान म्हणाला. "मीच तो गाढव."

इंजिनिअर हिलमींना मार्ग सुचला. त्यांना मार्ग लगेच सुचत. "सोपं आहे. मी अहवाल लिहितो. यादीतला पांढरा पुतळा गहाळ. त्याच जागी एक गुलाबी पुतळा बेवारशी अवस्थेत आढळला. चौकशी प्रांताच्या समितीकडे जाईल, वर्ष दीड वर्षात नोंद दुरुस्त होईल."

"आणि तो गहाळ कोणी केला?" अवातिफबाईंनी विचारलं.

हिलमी चहात साखर ढवळत राहिले.

नोमानचा फोन वाजला. राजिया. "पोचलात का, उस्ताद? सांगा, करू फोन? अंडर-सेक्रेटरी समोरच बसलेत. लेखी आदेश काढते, यापुढे कुणी ब्रश लावणार नाही. चाळीस वर्षं वाट बघितलीत, आज होऊन जाऊ दे."

खोलीत सगळ्यांना ऐकू जात होतं. अवातिफबाई फाइल मिटून खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी काही मागितलं नाही. एक शब्द काढला असता तरी नोमानला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

"मी कळवतो," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

त्याला भयंकर दमल्यासारखं झालं. प्रवासाचा नव्हता तो शीण. कुणावर तरी रागावत आलो म्हणूनच इतकी वर्षं आपण उभे होतो, हे त्याच्या आता लक्षात आलं, आणि आता रागवायला कुणी उरलंच नव्हतं.

"बाई," थोड्या वेळानं तो म्हणाला. "नवा रंग द्यायचा तर जुना खरवडावाच लागतो, बरोबर? नाहीतर सोलपटं निघतात."

"उस्ता बरकात सांगत होता खरं."

"मग पुरता खरवडू दे. मला बघू दे. मग लावा."

चौकात परतल्यावर उस्तानं नवं काम ऐकून घेतलं आणि रिमूव्हरचा डबा आणला. पुसलं, थांबला, पत्र्यानं ओढलं, पुन्हा पुसलं. रंगाच्या जाड साली खाली पडू लागल्या. थरांच्या मध्ये एक फिकट हिरवा निघाला. "त्या साली पांढरा मिळत नव्हता, त्यात थोडा दुसरा मिसळला होता," उस्ता लाजत म्हणाला. शेजारच्या चहावाल्यानं खुर्ची आणून दिली, पण नोमान बसला नाही. अवातिफबाई पर्स पोटाशी धरून उन्हात उभ्या राहिल्या. त्यांचं ऑफिस कधीच सुटलं होतं.

आधी कपाळ निघालं. मग गाल, मग ओठ. तिसऱ्या प्रहराची अझान झाली, उस्ता नमाज पढून आला आणि मान व हात काढायला लागला. ओच्यातली लांबी मात्र हलेना. दगडाला धरून बसली होती. कापूस पांढराच राहिला. वाईट नाही दिसत, नोमाननं मनाशी कबूल केलं.

आणि चेहरा! त्याला वाटलं होतं आपल्याला सगळं आठवतंय. काहीच आठवत नव्हतं. दगडातले काळे कण गालावर कसे उतरले होते, घाम वाळल्यावर कातडी दिसते तशी. डाव्या पापणीत छिन्नी जरा जास्तच खोल गेली होती, तिशीतल्या हाताची चूक, आणि तिच्यामुळेच ती बाई डोळ्यावर ऊन आल्यासारखी बघत होती. तेव्हा या चुकीपायी तो आठवडाभर झोपला नव्हता. आज त्याला वाटलं, सबंध पुतळ्यात तेवढंच खरं साधलंय. त्याला हुंदका आला आणि त्यानं तो आवरला नाही.

"मी हिला रोज बघते," अवातिफबाई पुटपुटल्या. "चौतीस वर्षं. येताना, जाताना. मला वाटायचं सिमेंटची असेल." त्या पुढे झाल्या आणि दगडी मनगटाला हात लावून बघितलं. "माझी आई कापूस वेचायची. तिची मान अशीच व्हायची, संध्याकाळी."

उस्ता बरकातनं फोटोसाठी फोन काढला.

"फोटो नको!" अवातिफबाई खेकसल्या. "फोटोवर तारीख पडते." मग स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यासारख्या त्या पुन्हा त्या चेहऱ्याकडे वळल्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "उस्ता, डबा बंद कर. नाही लावायचा रंग. रविवारी काय व्हायचं ते होऊ दे."

"मॅडम, विचार करा," उस्ता म्हणाला.

"केला. अशा बाईच्या तोंडाला मी चुना फासू? माझ्या हातून नाही होणार. लावतील केस तर लावोत."

उस्तानं डबा खाली ठेवला. त्यालाही तेच हवं होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दोघं नोमानकडे बघत होते. त्याला आता फक्त हो म्हणायचं होतं. किंवा हो म्हणायचीही गरज नव्हती. काठी उचलून मायक्रोबसच्या थांब्याकडे चालू लागलं असतं तरी पुरे होतं, बाई दगडात राहिली असती. यासाठीच तर तो आला होता. एवढंच तर मागितलं होतं.

त्याला ते सोडवत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला अवातिफबाईंचा रागच आला, इतका चांगुलपणा कुणी सांगितला होता म्हणून. शुक्री सात वर्षं हेलपाटे घालत होता. ही बाई सत्तरीला टेकेपर्यंत ऑफिसांच्या बाकड्यांवर बसेल, आणि दर वेळी पिवळा कागद पुढे करून सांगेल की इथे पांढरा लिहिलंय खरं, पण.

"तुमची आई आहे का अजून?" त्यानं विचारलं.

"नाही. गेली."

"बरं," नोमान म्हणाला. का बरं म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही. त्यानं काठी शिडीला टेकवली आणि उस्तापुढे हात केला. "ब्रश दे."

"उस्ताद..."

"दे म्हणतो ना. तुझ्या हातून नाही व्हायचं आता. माझी सही आहे, मलाच केलं पाहिजे."

"उस्ताद, नका," अवातिफबाईंनी त्याची बाही धरली. त्या रडत होत्या. "मी सांगतेय ना, नका."

"बाई, सोडा. रविवारनंतर घरी बसा, पाय पसरून. कुणीतरी बसायला हवं."

दोन पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला. उस्तानं त्याला कमरेला धरलं. नोमाननं ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निथळवला आणि त्या डाव्या पापणीपासून सुरुवात केली, कारण तिच्याकडे बघत दुसरं काही रंगवणं त्याला जमलं नसतं. रंग पातळ होता, दगड अजून खालून दिसत होता. त्यानं गाल रंगवला, नाक रंगवलं, ओठांच्या कडेनं सावकाश ब्रश फिरवला. नंतर हात भरून आला तसा तो उतरला आणि त्यानं ब्रश परत दिला.

"चेहऱ्याला दुसरा हात उद्या दे," तो उस्ताला म्हणाला. "आज घाई केलीस तर धरणार नाही."